वृद्धाश्रमाला घरपण कसं येईल? ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वृद्धाश्रम चालवणाऱ्यांसाठी, तिथे राबणाऱ्या मावश्या-दादांसाठी आणि ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी राहतात त्या लेकरांसाठी आहे. उत्तरं वऱ्हाड आणि झाडीपट्टीतली गावं डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. शहरातल्या महागड्या निवासांचे प्रश्न वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

आमची इमारत स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं, डॉक्टर येऊन जातात. आणखी काय करायचं?

हे सगळं हवंच. पण घरात माणसाचा शब्द चालतो, आणि वृद्धाश्रमात तो पहिल्याच दिवशी चालेनासा होतो. आधी चहा की आधी अंघोळ, खाट खिडकीपाशी की भिंतीपाशी, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं. जिने आयुष्यभर दहा जणांच्या घरात आज काय शिजवायचं ते ठरवलं, तिला इथे ताटात काय पडेल तेही ठाऊक नसतं. अशी बाई आठ-पंधरा दिवसांत गप्प होते आणि आपण म्हणतो, आजी रुळल्या.

1976 साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, आवडेल ते रोप घ्या आणि ते तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तुमची काळजी आम्ही घेऊ; रोप त्यांनाही दिलं, पण पाणी परिचारिका घालणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त आनंदी, जास्त हालतीडुलती दिसू लागली. रोपं दोन्हीकडे होती. फरक होता तो कुणाच्या हातात काय दिलं याचा. या पानावरचं बाकी सगळं त्याच एका गोष्टीतून निघतं.

वेळापत्रक सैल केलं तर तीस-चाळीस माणसांचं कसं निभणार?

औषधांच्या वेळा आणि स्वयंपाकाची मुख्य वेळ पक्की ठेवा. बाकीचं बरंच सैल करता येतं. जन्मभर गाई दोहलेला माणूस पहाटे चारला उठणारच. त्याला "झोपा आबाजी, अजून सहा वाजले नाहीत" असं सांगून परत खाटेवर पाठवायचं कारण नाही. एक छोटी शेगडी, चहा-साखरेचा डबा आणि रात्रपाळीचा एक माणूस, एवढ्यात त्याचा पहाटेचा चहा होतो. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या आजींना आठपर्यंत झोपू द्या, त्यांचं ताट झाकून ठेवा.

अंघोळीचं तर विशेष पाहा. अनेक ठिकाणी सकाळी सहाला रांग लावून, थंडीतही, एकामागोमाग एक अंघोळी उरकतात. शेतातून आल्यावर संध्याकाळी अंघोळ करायची सवय असलेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या अंघोळी संध्याकाळी ठेवल्या तर सकाळची गर्दी आपोआप कमी होते.

एका हॉलमध्ये वीस खाटा आहेत. नवी इमारत बांधायला पैसा नाही. काय करावं?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक असा वृद्धाश्रम सांगितला आहे जिथे किमान 150 निराधार ज्येष्ठ राहू शकतील. गरज मोठी आहे म्हणून आकडा मोठा आहे. पण दीडशे माणसं एका घरात राहत नसतात. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या टुपेलो गावी 2003 मध्ये मोठा वृद्धाश्रम मोडून दहा-दहा जणांची छोटी घरं उभारली गेली. प्रत्येक घरात मधोमध स्वयंपाकघर, एक मोठं जेवणाचं टेबल, आणि रोज तीच ओळखीची माणसं कामाला. नेदरलँड्समध्ये वेस्प गावी स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांची एक वस्तीच आहे, तिथेही सहा-सात जणांचं एक घर असतं.

आपल्याला बांधकाम जमणार नाही, वाटणी जमेल. वीस खाटांचे दोन गट करा. मध्ये लाकडी कपाटं किंवा जाड पडदे उभे करा. प्रत्येक गटाला छपरीचा आपला कोपरा, आपला माठ, आपली चहाची शेगडी द्या. खाटांच्या दोन सरळ रांगा मोडून दोन-दोन खाटा काटकोनात लावल्या तरी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. ज्यांचं पटतं त्यांना शेजार द्या, आणि ते त्यांनाच विचारा. यादीतल्या नंबराप्रमाणे खाट देऊ नका.

घरून किती सामान आणू द्यावं? जागा कमी आहे, चोरीचे आरोपही होतात.

पेटी आणू द्या. पत्र्याची, कुलूपवाली. यावर मी अडून बसेन.

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बाईच्या पेटीत काय असतं ते एकदा तिच्या शेजारी बसून पाहावं. तळाला लग्नातलं लुगडं, त्यावर नातवाचं अंगडं, रुमालाच्या गाठीत थोडे पैसे, मालकाचा फोटो, सातबाऱ्याची घड्या पडून फाटत चाललेली नक्कल. शेत भावकीत कधीचंच गेलेलं असतं, कागद मात्र जपलेला असतो. पेटीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात किंवा लुगड्याच्या कनवटीला. ती किल्ली कार्यालयात जमा करायला लावणं म्हणजे त्या बाईला सांगणं की तुझं असं आता काही उरलं नाही.

चोरीचा प्रश्न खरा आहे. म्हणून मोठी रक्कम आणि दागिने पावती देऊन कार्यालयात ठेवावेत. पेटी, किल्ली आणि हातखर्चाचे पैसे ज्याचे त्याच्याकडे. हरवलं असं कुणी म्हणालं तर आधी शोधायला बसा, खरं-खोटं नंतर. पुष्कळदा वस्तू उशीच्या अभ्र्यात सापडते.

जमलं तर घरची बाजही येऊ द्या. पेटी आणि बाज या दोन गोष्टींना मिळून किती जागा लागते?

गाऊन घातले तर धुणं-बदलणं सोपं जातं. ते चुकीचं आहे का?

जिला स्वतःला गाऊन सोयीचा वाटतो तिने खुशाल घालावा. पण नऊवारीत सत्तर वर्षं काढलेल्या बाईला पहिल्या दिवशी मॅक्सीत घालून सगळ्यांसमोर बसवलं तर ती मान वर करत नाही. पुरुषांच्या धोतराचं, टोपीचं, दुपट्ट्याचं तेच. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मागून उघडणारे कपडे लागतात, तेव्हा त्यावर निदान घरचं लुगडं पांघरून द्या. कपड्यांवर खूण करायची तर आतल्या बाजूला रंगीत टाका घाला. छातीवर नंबर नको.

जेवणात घरपण कसं आणायचं? बजेट ठरलेलं आहे.

महाग पदार्थांची गरजच नाही. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळकडच्या माणसाला ज्वारीची भाकर, बेसन, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी लागते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या माणसाला भात नसेल तर जेवल्यासारखंच वाटत नाही. रोज पोळी आणि पातळ आलूची भाजी असा सरकारी बेत दोघांनाही परकाच.

दातांचं पाहा. बहुतेकांना भाकर चावत नाही, म्हणून ती ताटात तशीच राहते आणि वहीत "जेवण कमी" अशी नोंद होते. वरणात किंवा दुधात कुस्करून द्यायला कुणी शेजारी बसलं तर तीच भाकर संपते. मीठ-साखर डॉक्टर सांगतील तशी कमी करा, पण का ते माणसाला सांगून करा.

आठवड्यातून एकदा बेत राहणाऱ्यांनी ठरवावा आणि करूनही दाखवावा. अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे लावले की काय होतं ते पाहाच. एरवी कोपऱ्यात पडून असलेले आबाजी उठून येतात आणि निखारा किती हवा यावर वाद घालतात. तो वाद होऊ द्या.

आणि पंगत एकच. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या शेजारी बसायचं नाही, हे जुने विष वृद्धाश्रमातही येतं. चालकाने तिथे मऊ पडू नये. बाकी सगळ्या बाबतीत ज्याच्या-त्याच्या मनाप्रमाणे करा, या बाबतीत नाही.

म्हाताऱ्या माणसांना काम करायला लावलं तर लोक नावं ठेवतील ना?

लावू नका, करू द्या. तुरीची डाळ पाखडणं, लसूण सोलणं, वाती वळणं, भाजी निवडणं, वांग्या-मिरच्यांचा वाफा सांभाळणं. ज्याला करायचं नाही त्याने बसून बघावं, बघणंही चालतं. अट एकच: केलेलं काम खरंच उपयोगात आलं पाहिजे. निवडलेली भाजी संध्याकाळी ताटात दिसली पाहिजे. वेळ घालवायला म्हणून मणी ओवायला दिले तर ते माणसाच्या लगेच लक्षात येतं.

1991 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या गावी बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरांनी आपल्या वृद्धाश्रमात दोन कुत्री, चार मांजरी आणि शंभर पक्षी आणले, भाजीचे वाफे केले, मुलांना येऊ दिलं. त्यांच्या मते तिथल्या माणसांना खरी पीडा होती एकटेपणाची, कंटाळ्याची आणि असहायपणाची. त्यांना तिकडे पक्षी पिंजऱ्यांतून आणावे लागले. आपल्याकडे दारात शेळी बांधली, चिमण्यांना कण्या टाकल्या, मांजर हाकललं नाही, की झालं. शेळीला रोज पाला कोण घालणार ते मात्र राहणाऱ्यांपैकी एकाच्या नावे करा.

सणवार कसे करावेत?

पोळ्याला बैल दारी येऊ द्या. गावातल्या बैलजोडीला आश्रमाच्या फाटकातून आत बोलवा, पुरणपोळीचा नैवेद्य आजींच्या हातून. पूर्व विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात; त्यांच्या वाटेत तुमचं दार असलं पाहिजे आणि बोजारा द्यायला आबाजींच्या खिशात नाणी. भुलाबाईची गाणी आज ज्यांना पाठ आहेत त्या बहुतेक आजीच. शेजारच्या मुलींनी त्यांच्याकडून ती शिकावीत.

एक गोष्ट अनेक ठिकाणी राहून जाते. संध्याकाळी हरिपाठ, सामुदायिक प्रार्थना, खंजेरीभजन होतं ते चांगलंच. पण राहणाऱ्यांत बौद्ध असतात, गोंड-कोरकू असतात, मुसलमान असतात. बाबासाहेबांचा फोटो आपल्या खाटेजवळ लावायला कुणाला परवानगी मागावी लागू नये. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांच्यासाठी खीर शिजली पाहिजे. ईदला कुणाला नमाजाला जायचं असेल तर सोबत माणूस द्यावा. ज्या घरात फक्त एकाचे देव असतात ते बाकीच्यांचं घर कसं होणार?

आमच्या आजी रोज दिवेलागणीला "मले घरी जाचं हाये" म्हणून फाटकाशी जातात. समजावून थकलो.

स्मृतिभ्रंशात संध्याकाळची ही घालमेल नेहमी दिसते. "हेच तुमचं घर" किंवा "मुलगा नेत नाही" असं सांगून उपयोग होत नाही, दुखतं मात्र. त्या ज्या घराबद्दल बोलतात ते बहुधा पन्नास वर्षांपूर्वीचं असतं. तिथे गाई परतल्या असतील, चूल पेटवायची असेल, लेकरं उपाशी असतील. त्यांना विचारा, "सयपाकाला काय करता आजी?" आणि बोलत-बोलत दोन चकरा मारा. हातात काम द्या, वाती असोत की मुगाच्या शेंगा. दिवेलागणीच्या आधीच छपरीत लख्ख उजेड करा, सावल्या पडल्या की भीती वाढते.

दारांवर अक्षरं लिहून फारसा उपयोग नाही. संडासाच्या दारावर एक ठळक रंग, त्यांच्या खोलीवर त्यांच्या ओळखीची वस्तू टांगा. आणि भाषा: दुसऱ्या भाषा विसरून माणूस अनेकदा आईच्या भाषेवर येतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी येणारी एक तरी मावशी कामावर असावी.

पडू नयेत म्हणून खाटेला बांधून ठेवलं तर?

नाही. खाटेला उंच कठडे लावणंही पुष्कळदा धोक्याचं. माणूस त्यावरून चढून जास्त उंचीवरून पडतो किंवा मधे अडकतो. खाट बुटकी करा. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा, भिंतीला धरायला पाइप, न्हाणीत खरबरीत फरशी, पायात घट्ट चप्पल. ज्यांना उकिडवं बसवत नाही त्यांना कमोडची खुर्ची खाटेजवळच द्या. गुंगीची औषधं कोण कोण घेतंय ते डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या, पडण्यामागे तीही असतात.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि म्हातारपणी तहान कळेनाशी होते. "पाणी हवं का?" असं विचारू नका, ताक, पन्हं, आंबील हातात द्या. कुलरची वायर आणि अर्थिंग उन्हाळ्याआधी तपासा. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा बाहेर काढा. कुंपण असेल, मच्छरदाण्या असतील आणि एक कर्मचारी तिथेच झोपणार असेल, तर चांदण्यात झोपायला मनाई करू नका. आपल्याकडची कितीतरी माणसं जन्मभर उन्हाळाभर तशीच झोपली आहेत.

खर्रा, तंबाखू, बिडी?

आश्रमाने पुरवू नये. पण झडती घेणं, चारचौघांत झापणं हेही नको. डॉक्टरांनी समोर बसवून बोलावं, कमी करायला मदत करावी. खोलीत बिडी अजिबात नाही, आगीचा धोका आहे.

वाढदिवसाला फळं वाटायला लोक येतात. नाही कसं म्हणावं?

नाही म्हणू नका, वळण लावा. आज होतं काय, तर म्हातारी माणसं ओळीने बसवली जातात, प्रत्येकाच्या हातात दोन केळी, पाहुण्यांचा हात केळीवर, फोटो, मोबाईलवर रवाना. पाहुणे वीस मिनिटांत जातात. आजींना त्यातल्या एकाचंही नाव कळत नाही. कुणाचा तरी पूर्वीचा शेजारी तो फोटो पाहतो आणि गावात चर्चा होते, ती त्या माणसाला फार लागते.

तीन गोष्टी फाटकावर लिहून लावा. फोटो फक्त त्या व्यक्तीला विचारून. आलात तर तासभर बसा. वाटायला आणण्यापेक्षा सोबत करायला काहीतरी आणा. हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणा आणि इथेच भाजा. एका आबाजींना बाजाराच्या दिवशी बाजारात फिरवून आणा, चष्म्याची काडी दुरुस्त करून द्या. लग्नातलं उरलेलं अन्न मात्र कृपा करून घेऊ नका, उन्हाळ्यात ते नासलेलं असू शकतं.

गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न सांगितलं तसं दुःखी-निराशांना हिंमत द्यायलाही सांगितलं. हिंमत पिशवीतून आणून वाटता येत नाही, त्यासाठी बसावं लागतं.

हाक कशी मारावी?

विचारून. कुणी गुरुजी असतात, कुणी दायी, कुणाला गावभर "काकाजी" म्हणत आले. आपल्याकडे नातू आजीला "तू" म्हणतो आणि त्यात गोडवा असतो. पण काल कामावर आलेल्या मुलाने पहिल्या दिवशी "ए आजी, उठ" म्हणणं वेगळं. "अहो"ने सुरुवात करा, "तू" कधी म्हणायचं ते त्या सांगतील. खोलीत शिरताना दार किंवा खाटेची कड वाजवा.

हे सगळं करायला माणसं कुठून आणायची?

इथेच सगळं अडतं. मावश्यांचा पगार तीन-तीन महिने थकत असेल तर त्यांच्याकडून हळुवारपणा मागायला तोंड उरत नाही. आधी पगार वेळेवर द्या. मग एका मावशीकडे कायमची तीच सात-आठ माणसं द्या, रोज वाटणी बदलू नका. कुणाला चहात आलं लागतं, कुणाचा उजवा गुडघा दुखतो, हे तिला ठाऊक होतं आणि कामही लवकर उरकतं. कर्मचाऱ्यांनी राहणाऱ्यांच्या पंगतीतच जेवावं.

आम्ही लेकरं दूर राहतो. आमच्याकडून काय व्हावं?

ठरलेल्या दिवशी फोन करा, पैसे पाठवण्याइतकाच तो नेमाने. आल्यावर कार्यालयात बसू नका, खाटेवर बसा. वर्षातून एकदा, पोळ्याला किंवा गावच्या जत्रेला, त्यांना गावी न्या. एसटीत 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे आणि 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. मतदार यादीत नाव कुठे आहे तेही पाहा. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांपुढच्यांना राहत्या जागी मत देण्याची सोय होती. मत देऊन बोटाला शाई लागलेले आबाजी दिवसभर ते बोट दाखवत फिरतात.

पैशांची, उपकरणांची काही मदत मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये खात्यात मिळतात. सत्तरीनंतर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. हे अर्ज भरून देणं आश्रमाने स्वतःकडे घ्यावं.

मुलं सांभाळत नाहीत, किंवा आश्रमातच वागणूक वाईट आहे. कुठे सांगायचं?

2007 च्या त्याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. आश्रमातल्या वागणुकीबद्दल जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. तो आश्रमाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, राहणाऱ्यांना वाचता येईल इतक्या उंचीवर लिहिलेला असावा. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना तो लावून द्यायला कुणी नाही म्हणता कामा नये.